तार तुटल्यावरचे उत्तर

“आणि तार तुटली तर?” गिरासे सरांनी विचारले.

“तरी हा डेटाबेस उत्तर देईल,” शर्वरी म्हणाली. “तीच तर त्याची खासियत आहे, सर. तो कधीच गप्प बसत नाही.”

“काय उत्तर देईल?”

“शेवटचं जे माहीत असेल ते.”

“कधीचं?”

“शेवटचं, सर.”

“शेवटचं, ते कळलं. कधीचं?”

शर्वरी बाविस्करला हा प्रश्न आवडला नाही. पुण्यातल्या एका मोठ्या कंपनीत कुठला डेटाबेस वापरायचा हे तीच ठरवत असे. तिच्या हाताखालची माणसे प्रश्न विचारत नसत, ‘हो मॅडम’ म्हणत. एकाने विचारला होता. तो आता दुसऱ्या विभागात होता.

सर कुणाच्याच हाताखाली नव्हते. जन्मभर धुळ्यात इंजिनियरिंगच्या पोरांना डेटाबेस शिकवून ते निवृत्त झाले, पाठोपाठ बायको गेली, आणि सातपुड्याच्या या माथ्यावर दोन खोल्या बांधून ते एकटे राहू लागले. सुरुवातीला विद्यार्थी भेटायला येत. मग फोटो काढायला येत. मग तेही यायचे थांबले.

शर्वरी आली होती ती सहीसाठी.

प्रकल्प सरकारी होता, कंत्राट शर्वरीच्या कंपनीकडे. डोंगरातल्या कुठल्या आरोग्य केंद्रात सर्पदंशावरची लस आहे, हे रुग्णवाहिकेच्या चालकाला मोबाइलवर दिसावे, एवढेच त्याचे काम. काम चांगले होते. चांगल्या कामाचे कचेरीत गेल्यावर जे होते तेच याचेही झाले. उद्घाटनाची तारीख आधी ठरली, ती मंत्र्यांच्या सोयीने. काम कसे करायचे ते मागाहून ठरणार होते. मंत्र्यांची गाडी वळवायला जागा कुठे करायची, यावर बैठकीत तासभर खल झाला. साप चावलेल्या माणसाचा विषय निघाला नाही.

“डेटाबेसच्या निवडीवर गिरासेंची सही आणा,” मोठ्या साहेबांनी शर्वरीला बजावले होते. “या भागातले आहेत. त्यांचं नाव असलं की पुढे कुणी तोंड उघडणार नाही. कागद शनिवारी सकाळी माझ्या टेबलावर पाहिजे.”

“पुन्हा सांग,” सर म्हणाले. “जुना, तक्त्यांचा डेटाबेस का नको?”

“प्रत्येक केंद्राची माहिती वेगळ्या घडणीची आहे, सर. कुठे फ्रिज आहे, कुठे नाही. कुठे लस तालुक्याहून येते, कुठे एखादी संस्था देते. सगळं एकाच मापाच्या खान्यांत कोंबायचं तर अर्धे खाने रिकामे आणि अर्धी माहिती बाहेर. म्हणून नॉन-रिलेशनल. ज्याची जशी माहिती, तशी त्याची नोंद.”

“बरोबर. पुढे?”

“त्यातले दोन उरलेत. पहिला प्रत्येक केंद्रात सगळ्या माहितीची एक प्रत ठेवतो. टॉवर पडला, तार तुटली, काहीही होवो, जवळच्या प्रतीवरून उत्तर देतो. तार जुळली की सगळ्या प्रती आपसांत मेळ घालतात.”

“आणि दुसरा?”

“दुसरा भित्रा आहे. बहुतेक प्रतींशी बोलणं झाल्याशिवाय तोंडच उघडत नाही. स्क्रीनवर लाल पट्टी येते. साहेबांना लाल पट्टी चालत नाही.”

“साप चावलेल्याला चालते?”

शर्वरी हसली. सर हसले नाहीत.

“पहिला म्हणाला, अमक्या केंद्रात लस आहे. ती सकाळीच संपलीय. तार तुटलेली, त्यामुळे त्याला पत्ता नाही. चालक पेशंटला घेऊन घाट चढला… मग?”

“असं क्वचित होईल, सर.”

“कुणाला क्वचित?”

“मग दुसरा घेऊ?” शर्वरीचा आवाज चढला. “लस शेजारच्या केंद्रात पडलेली असेल आणि हा मुका बसेल. माणूस तडफडून मरेल. ते चालेल तुम्हाला?”

“नाही.”

“मग? तार तुटली की दोनच वाटा, सर. बोला, नाहीतर गप्प बसा. तिसरी वाट नाही. पुस्तकात सिद्ध करून दिलंय.”

“ते पुस्तक मीच शिकवलंय तुला.”

“मग सांगा ना कुठला!”

“परीक्षेत किती दिले होते मी तुला?”

“पैकीच्या पैकी.”

“वाटलंच,” सर म्हणाले. “थांब, चहा टाकतो.”

चहा कोरा होता. दूध संपले होते की सर असाच पीत, हे तिने विचारले नाही.

“घरी सगळे बरे?” सरांनी विचारले.

“बरे आहेत.”

उत्तर आपोआप आले. मग आईशी आपण शेवटचे कधी बोललो ते ती आठवू लागली. आठवेना. तिने चहा संपवला.

ऊन उतरले. दरीत सावली भरत गेली. कप खाली ठेवल्याचा आवाज केवढा तरी मोठा झाला. इथे हा माणूस बोलतो तरी कुणाशी, असे शर्वरीच्या मनात आले.

सर उठले. गुडघा दाबत, भिंत धरत बाहेर ओट्यावर गेले. खिशातून बॅटरी काढून त्यांनी दरीपलीकडच्या उतारावर रोखली. पेटवली, विझवली. थांबले. पुन्हा पेटवली, विझवली.

“कुणाला दाखवताय?”

“खेमाला. खेमा पावरा. समोर त्याचं खोपटं आहे. तोही एकटाच. पोरं गुजरातेत कामाला गेली ती तिकडचीच झाली. त्याला इकडे चालवत नाही, मला तिकडे चालवत नाही. रस्ता खचल्यापासून एसटी बंद आहे. रस्ता दुरुस्त करण्यापेक्षा एसटी बंद करणं सोपं! मोबाइलला रेंज नाही. मग दिवेलागणीला मी बॅटरी दाखवतो, तो कंदील हलवतो. झाली बातचीत.”

“पण त्यात बोलता काय?”

“मी आहे म्हणतो. तो आहे म्हणतो. आणखी काय बोलायचं असतं?”

पलीकडे अंधार होता.

“आज उशीर झाला असेल त्यांना,” शर्वरी म्हणाली.

“मंगळवारी दिसला होता.”

आज शुक्रवार होता.

“आजारी असतील का?”

“माहीत नाही.”

“पोरांकडे गेले असतील.”

“माहीत नाही.”

“कंदिलातलं तेल संपलं असेल, सर. बरेच असतील.”

“तू बघितलंस?”

शर्वरी ओशाळली. “कुणाला विचारलं नाहीत?”

“विचारलं की. दूधवाल्याला विचारलं, वनरक्षकाला विचारलं. दोघंही म्हणाले, बराच असेल, त्याला काय धाड भरलीय!” सर पहिल्यांदाच संतापले. “दोघांतला एकही तिकडे फिरकला नव्हता. पण उत्तर कसं, तोंडावर तयार!”

आपल्याकडे गाडी आहे, जाऊन बघून येऊ, हे शर्वरीला सुचले. मग साहेबांचे टेबल आठवले, आणि ती गप्प राहिली. सरही काही म्हणाले नाहीत. कुणाकडे काही मागायची त्यांना सवयच नव्हती.

ते ओट्याच्या कडेला बसून राहिले. बॅटरी मांडीवर. ज्यांच्या तासाला मागचे बाकसुद्धा चिडीचूप असे, ते सर तिला एकदम लहान झालेले दिसले.

तेवढ्यात समोरच्या उतारावर उजेड झाला.

सर धडपडत उठले. त्यांनी बॅटरी पेटवली, विझवली. समोरचा उजेड हलला, विझला, पुन्हा लागला.

“आहे!” सर ओरडले. “खेम्या आहे! बघितलंस? अरे लबाडा, इतके दिवस कुठं तोंड काळं केलं होतंस?”

ते हसत होते. हसता हसता त्यांना खोकला आला, तरी हसत होते.

“बस, भाकरी टाकतो. ठेचा आहे. जेवूनच जायचं. मंगळवारपासून धड घास उतरला नाही बघ मला… आणि तुझा तो कागद कुठाय? आण इकडे. कुठे करायची सही?”

शर्वरीने कागद काढला. पेनाचे टोपण काढले. आणि पुन्हा एकदा समोर पाहिले.

उजेड पांढरा होता. खोपट्याच्या बराच खाली, रस्त्याच्या वळणावर होता. या डोंगरात मोबाइलला रेंज मिळते ती त्या एकाच वळणावर. ‘सही होतेय’ असा निरोप साहेबांना द्यायला आल्या आल्या तिनेच आपल्या चालकाला, रतिलालला, गाडी घेऊन तिकडे पिटाळले होते. तो आता गाडी वळवत होता.

सरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. त्यांना नुसता उजेड दिसत होता.

काही बोलायची गरजच नव्हती. ‘हो सर’ एवढे म्हणायचे. म्हातारा पोटभर जेवला असता, आज रात्री झोपला असता. सकाळी कागद साहेबांच्या टेबलावर गेला असता. यात कुणाचे काय बिघडत होते?

“आण ना,” सरांनी हात पुढे केला.

“सर… ती माझी गाडी आहे.”

“काय?”

“तो उजेड. माझ्या गाडीचा आहे. चालक वळवतोय.”

“नक्की?”

“नक्की, सर.”

पुढे केलेला हात हळूहळू खाली गेला. बॅटरी पेटलेलीच होती. तिचा गोल उजेड फरशीवर पडला होता.

समोरचा उजेड डोंगराआड गेला. दरी पहिल्यासारखी काळी झाली. पहिल्याहून जास्तच.

“मी बोलायला नको होतं,” शर्वरी म्हणाली.

सर भाकरीचे पीठ घ्यायलाही उठले नाहीत. वारा नव्हता. कुठे कुत्रेही भुंकत नव्हते. दोन माणसे एका ओट्यावर बसली होती आणि दोघेही एकटेच होते.

मग सरांनी विचारले, “आणि खेमा?”

‘बरेच असतील’ हे तिच्या ओठांवर आले होते. ते तिने गिळले.

“माहीत नाही, सर.”

सरांनी तिच्याकडे मान वळवली. तिचा चेहरा त्यांना दिसत नसावा. तरी ते बघत राहिले.

“गाडी इकडेच येतेय?”

“हो.”

“परत जाताना खोपट्यापाशी थांबेल?”

“थांबेल. पण रस्ता खचलेला आहे, सर, अंधार पडलाय. आणि तिथे जाऊन जर…”

सरांनी बॅटरी विझवून खिशात टाकली. भिंत धरून उभे राहिले. शर्वरी हातात कागद घेऊन तशीच उभी होती. पेनाचे टोपण कुठे पडले ते तिला सापडत नव्हते.

“सर… आणि सही?”

“बघून येऊ. चपला दे.”