गाढवांसाठी मोराचं भाषण

फार पूर्वी, नाचासाठी नावाजलेला एक मोर गाढवांची बाजू मांडायला माळावर आला. मागच्यांनाही आपण दिसावं म्हणून तो ओझ्यानं पाठ सोलवटलेल्या एका गाढवावर चढला आणि पिसारा फुलवून म्हणाला, "मुक्या जिवाच्या पाठीवर ओझं टाकणं पाप आहे!"

जमलेल्या प्राण्यांनी टाळ्या वाजवल्या. गाढवाच्या जखमेत मात्र मोराच्या नख्या रुतत होत्या.

"मोरराव, तेवढं खाली उतरून बोला की," गाढव कळवळून म्हणालं.

"गप रे! तुझ्यासाठीच घसा फोडतोय ना मी?"

गाढवानं आणखी थोडा वेळ सोसलं. मग ते सरळ खाली बसलं आणि धुळीत लोळलं. मोर पिसाऱ्यासकट पालथा पडला. माळभर हशा उसळला.

गाढव अंग झाडून उठलं आणि म्हणालं, "हं, बोला आता. आता नीट ऐकतो."