येसूचं आवतण

फार फार मागची गोष्ट. तिळा नदीच्या वळणावर आंबेडोह नावाचं गाव होतं, अजूनही आहे. तिथं येसू राहायची. केस पिकायला लागले होते, पण समज लहान पोरीएवढीच. एक शब्द बोलायची आणि पुढचा शोधत थांबायची. तो सापडेपर्यंत समोरचं माणूस निघून गेलेलं असायचं. तिला कुणी हिडीसफिडीस केलं नाही. नुसतं कुणी बोलावलं नाही. बरोबरच्या पोरी सासरी गेल्या, त्यांच्या मागच्याही गेल्या. येसू आपली भावाच्या ओसरीवर बसलेली.

संक्रांतीला बायका दारात येऊन तिच्या वहिनीला, तुळसाला, हळदीकुंकवाचं आवतण द्यायच्या.

"आन्... मला?" येसू विचारायची.

बायका हसायच्या, तिच्या हातावर तिळगूळ ठेवून पुढं जायच्या.

एका साली येसू स्वतःच कुंकवाची कोयरी घेऊन घरोघर फिरली. "माझ्याकडं... या. डोहावर." सगळ्या म्हणाल्या, "येतो हां." तिनं काठचा खडक झाडला, पाणी शिंपडलं, वाट बघत बसली. उन्हं उतरली तरी कुणी आलं नाही. मग तिनं पाण्यावर वाकून हाक मारली, "आतल्या बायांनो, तुम्ही तरी या!"

असं म्हणतात, की डोह तळापासून हलला. येसूला शोधत आलेली तुळसा काठच्या चिंचेमागंच थबकली. खडकावर ओळीनं सात बाया बसल्या होत्या, लुगडी निथळत होती. डोहातल्या देवी, साती आसरा! त्यांचं नाव घेतानाही गाव कापायचं. आणि येसू त्यांना कुंकू लावून विचारत होती, "तुझं... नाव... काय?" तिचा शब्द संपेपर्यंत एकही बाई हलत नव्हती.

"वैनी, तू पण... ये की," येसू म्हणाली.

तुळसा ओळीत जाऊन बसली. कपाळाला बोट लागताना तिनं डोळे मिटले. उघडले तर खडकावर नुसती ओली पावलं.

"काय गं बोलल्या त्या?" तुळसानं विचारलं. येसू सांगायला लागली, आणि तुळसा पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकत बसली.

तुळसाकडून ऐकून सकाळी सगळ्या बायका ओसरीवर. नथ होती का? पाय सरळ होते का? येसू शब्द शोधायची, आणि एकही निसटू नये म्हणून बायका श्वास रोखून धरायच्या. मग आसरांचं विचारता विचारता त्या येसूचंच विचारायला लागल्या. तिला ढगांच्या गडगडाटाची भीती वाटते, तिळगूळ तर मुळीच आवडत नाही, हे गावाला तेव्हा कळलं! आसरा काय बोलल्या, त्यावर मात्र अजून एकमत नाही. पण त्यानंतर येसूची ओसरी कधी रिकामी राहिली नाही, असं म्हणतात.

आजही आंबेडोहात संक्रांतीचं पहिलं आवतण जिला कुणी बोलावत नाही तिच्या दारी जातं. विधवा असो, बिनलग्नाची असो, मंद बुद्धीची असो. त्याला 'येसूचं आवतण' म्हणतात. आवतण देणारीनं तिला एक गोष्ट विचारायची आणि उत्तर पुरं होईतो उंबऱ्याशी बसायचं. कधी कधी दुपार टळते. बाकीच्या बायका नटूनथटून खोळंबतात, पण तोवर गावात कुणी कुंकवाला बोट लावत नाही.