वीस पावलांचं अंतर

“पण तुम्ही माणसं एकमेकांशी बोलत का नाही?”

शेषरावांनी हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला होता.

म्हातारा तौनो गोठलेल्या सरोवरावर गुडघे टेकून बसला होता. बर्फाला पाडलेल्या भोकात त्यानं मोजपट्टी सोडली, वर काढली, डोळ्यांजवळ नेली.

“बेचाळीस,” तो म्हणाला.

“काय बेचाळीस?”

“सेंटिमीटर.”

आणि पुन्हा गप्प…

शेषराव तायवाडे म्हणजे दर्यापूरचे निवृत्त मुख्याध्यापक. ‘माणूस जोडा’ या विषयावर त्यांची तीनशेच्या वर व्याख्यानं झाली होती. व्याख्यान संपलं की ते मंचावरून खाली उतरत आणि पहिल्या रांगेतल्या एकेकाला कवेत घेत. तेवढ्या वेळात दुसरी रांग चपला शोधू लागे.

जानेवारीत ते लेकीकडे आले. प्रणिता फिनलंडच्या पार उत्तरेला एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत कामाला होती. येऊन अकरा दिवस झाले आणि शेषरावांच्या हातून एकही माणूस जोडला गेला नव्हता.

बसथांब्यावर लोक दोन-दोन हात अंतर सोडून उभे राहत. शेषराव एका गृहस्थाजवळ सरकले. तो बाजूला झाला. शेषराव आणखी सरकले. तो आणखी बाजूला झाला. असं करता करता दोघं थांब्याच्या छपराखालून बाहेर पडले, बर्फात उभे राहिले आणि बस निघून गेली.

शेजारीण भेटली तेव्हा त्यांनी तिला प्रेमानं जवळ घेतलं. बाई लाकडाच्या ओंडक्यासारखी ताठ झाली.

“बाबा, इकडं असं नाही करत,” प्रणिता म्हणाली.

“काहून?”

“नाही करत म्हणजे नाही करत.”

शेषरावांना हे पटण्यासारखं नव्हतं. त्यात येत्या रविवारी तिथल्या मराठी मंडळींचा संक्रांतीचा कार्यक्रम होता आणि प्रमुख वक्ते तेच होते. विषय त्यांनी ठरवून टाकला होता: ‘थंड देश, थंड माणसं’. उदाहरणं तयार होती, टाळ्यांच्या जागा तयार होत्या. फक्त कारण सापडत नव्हतं. थंडी माणसाच्या अंगात शिरते, हे ठीक. पण स्वभावात कशी शिरते?

“थंडीचं विचारायचं तर तौनोकाकांना विचारा,” प्रणितानं सुचवलं.

तौनो एक्याऐंशी वर्षांचा होता. सरोवर गोठलं की बेटावरच्या वस्तीला जाणारी वाट दर हिवाळ्यात तोच आखायचा. आधी एकटा चालून बर्फ तपासायचा आणि मग दर शंभर पावलांवर देवदारासारखं एकेक रोपटं बर्फात रोवायचा. त्याच्या खुणांवरून मागाहून माणसं चालत, गाड्या धावत. पन्नास हिवाळ्यांत त्याच्या वाटेवर कोणी बुडालं नव्हतं. तरुणपणी जहाजावर काढलेल्या वर्षांमुळे त्याला इंग्रजी येत होतं. पण ठेवणीतल्या कपड्यांसारखं तो ते क्वचितच बाहेर काढी. इंग्रजीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ एकच, त्यामुळे तौनो आपल्याला ‘तुम्ही’च म्हणतो आहे, असं शेषरावांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

तर तौनो उठला. गुडघ्यावरचा बर्फाचा भुगा झटकला. खिशातून एक दोरी काढली. तिच्या दोन्ही टोकांना लाकडी मुठी होत्या आणि प्रत्येक मुठीत बोटभर लांबीचा खिळा. ती दोरी घेऊन तो शेषरावांसमोर आला.

शेषरावांची मान आपोआप खाली झाली. चाळीस वर्षांची सवय. गळ्यात काही पडणार म्हटल्यावर मान झुकायचीच.

तौनोनं दोरी त्यांच्या गळ्यात घातली.

शेषरावांनी हात जोडले. आजूबाजूला कोणी फोटो काढतंय का तेही पाहिलं. मग दोन शब्द बोलण्यासाठी घसा खाकरला… पण तौनो रोपट्यांची लाकडी गाडी ओढत चालू लागला होता.

शेषराव लगबगीनं त्याच्या शेजारी गेले. तौनो थांबला.

“वीस पावलं.”

“काय?”

“मागे. माझ्या पावलांवरून.”

शेषरावांचा चेहरा पडला. आयुष्यात त्यांना मंत्र्यांनी शेजारी बसवलं होतं. वीस पावलं मागे कोणी ठेवलं नव्हतं. पण गरज आपली होती. मोजून वीस पावलं ते मागे राहिले.

बाहेर उणे एकोणीस होतं. दुपारचे बारा वाजले होते आणि उजेड मात्र कोणी कंदिलाची वात बारीक केल्यासारखा. चहूकडे पांढरं. आवाज फक्त चार बुटांचा.

शेषरावांना ती शांतता सोसवेना.

“आमच्याकडे!” ते ओरडले. एवढ्या अंतरावरून आपुलकीचं बोलायचं तरी ओरडूनच बोलावं लागत होतं. “आमच्याकडे पाहुणा आला की आम्ही त्याला जवळ बसवतो!”

तौनोनं एक रोपटं रोवलं. पुढे निघाला. दुसरं रोवलं.

“चांगलं आहे,” तो म्हणाला.

काय चांगलं आहे ते शेषराव तोवर विसरले होते.

“माणसाला माणसाची ऊब लागते!”

रोपटं.

“अंतर ठेवलं की मनं गोठतात!”

रोपटं…

बेट जवळ आलं. तिथे दोन खडकांमध्ये सरोवर अरुंद होत होतं आणि बर्फाखालून पाण्याला ओढ होती. तौनो थांबला. लोखंडी टोकाच्या काठीनं बर्फावर ठोकलं, कान दिला. पुन्हा ठोकलं. मग तो डावीकडे वळला आणि काठाकाठानं मोठा वळसा घालून पलीकडे गेला. तिथून शेषरावांकडे वळून त्यानं हाताचा पंजा उभा धरला.

शेषरावांना भरून आलं. अखेर या माणसानं हात वर केला! एवढी पावलं चालून का होईना, बर्फ वितळला होता. असा क्षण आला की काय करायचं, हे त्यांनी तीनशे व्याख्यानांत सांगितलं होतं. अंतर आपण तोडायचं. वळसे घालत बसायचं नाही.

दोन्ही हात पसरून ते सरळ त्याच्याकडे निघाले.

“नाही!” तौनो ओरडला.

शेषराव हसले. पहिल्यांदा सगळेच नाही म्हणतात.

कडाड…

पायाखालचं जग गेलं. शेषराव छातीपर्यंत पाण्यात होते. पाणी गार नव्हतं, सुऱ्यांसारखं होतं. श्वास आत गेला आणि बाहेर यायचं विसरला. पाय खाली झाडले तर खाली काहीच नव्हतं.

“तौनो!”

तौनोनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं. आणि पाठ फिरवून तो आल्या वाटेनं परत चालू लागला.

शेषरावांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. दर्यापूर आठवलं. प्रणिता आठवली. आणि रविवारचं व्याख्यान आपल्या शोकसभेत कोणीतरी वाचून दाखवील, हेही आठवलं.

“मागे वळा!” आवाज पाठीमागून आला. “आलात तिकडे!”

शेषराव कसेबसे वळले. तौनो वळसा घालून त्यांच्या आल्या वाटेवर पोचला होता. पण जवळ येत नव्हता. वीस पावलांवर पालथा पडला होता, हातपाय पसरून.

“गळ्यातलं घ्या!”

“काय?”

“खिळे! हातात! बर्फात रोवा!”

सत्काराची माळ शेषरावांनी गळ्यातून ओढली. एक मूठ या हातात, एक त्या हातात. खिळा रोवला, अंग ओढलं. बर्फ तुटला. पुन्हा रोवला. या वेळी धरला. पोट वर आलं. तेवढ्यात गाडीवरच्या लांब दोरीचा फास सरसरत त्यांच्या पुढ्यात पडला. त्यांनी तो मनगटात अडकवला आणि तौनो मागे मागे सरकत ओढू लागला.

गुडघे वर येताच शेषराव उठायला गेले.

“उभं राहू नका! लोळत या!”

आणि दर्यापूरचे माजी मुख्याध्यापक, ज्यांच्या पावलांचा आवाज आला की सातवी अ चिडीचूप व्हायची, ते ज्वारीच्या पोत्यासारखे गडबडा लोळत आले.

बेटाच्या काठावर एक खोपी होती. दाराला कुलूप नव्हतं. तौनोनं त्यांना आत ढकललं, गाडीवरच्या गाठोड्यातले स्वतःचे लोकरी कपडे दिले. विजार दोनदा दुमडावी लागली.

लोखंडी दाराच्या चुलीत लाकडं रचून ठेवलेली होती. खाली झाडाची कोरडी साल, वर बारीक ढलप्या, त्यावर दोन जाड तुकडे. शेजारी काड्यापेटी. तिच्यातली एक काडी अर्धी बाहेर काढून ठेवलेली.

शेषरावांनी पेटीकडे हात नेला. बोटं वाकेनात. आहेत की गळाली तेच कळेना. पण ती अर्धी बाहेर आलेली काडी दोन तळव्यांच्या चिमटीत बसली. तौनोनं पेटी पुढे धरली, काडी ओढली गेली, आणि जाळ धरला.

पुष्कळ वेळ दोघं चुलीसमोर बसून होते. शेषरावांचे दात वाजायचे थांबले, तेव्हा आतला राग वर आला.

“मी बुडत होतो आणि तुम्ही लांब राहिलात!”

“हो.”

“एक माणूस मरत असताना…”

“जवळ आलो असतो,” तौनो म्हणाला, “तर दोरी कोणी ओढली असती?”

अकरा दिवसांत पहिल्यांदाच शेषराव गप्प बसले आणि जड वाटलं नाही.

मग हळूच त्यांनी विचारलं, “चूल कोणी रचून ठेवली होती?”

“आधीच्या माणसानं.”

“कोण तो?”

“माहीत नाही.”

“कधी भेटलाच नाहीत?”

“नाही.”

“आणि ती काडी?”

“तीही त्यानंच.”

“मी येणार हे त्याला काय माहीत?”

तौनोनं जरा विचार केला.

“तुम्ही नाही,” तो म्हणाला. “कोणीतरी.”

चुलीतली लाकडं निखारे झाली, निखाऱ्यांची राख झाली. कपडे वाळले. निघायच्या आधी तौनोनं राख काढली आणि कुऱ्हाड शेषरावांच्या हातात दिली.

शेषरावांनी लाकूड फोडलं. तीन घावांतला एक लाकडावर बसत होता, दोन जमिनीवर. तौनो मधे पडला नाही. शेषरावांनी साल खाली घातली, ढलप्या रचल्या, वर जाड तुकडे ठेवले. पेटीतली एक काडी अर्धी बाहेर काढली. ती कोणाच्या बोटांना लागेल, या विचारानं त्यांनी ती पुन्हा एकदा नीट केली.

पण असं बिननावाचं ठेवून जायचं? हे काही त्यांच्या स्वभावात बसेना.

भिंतीवर मागच्या वर्षीचं कॅलेंडर लटकत होतं. त्यांनी डिसेंबरचं पान फाडलं. फळीवरची पेन्सिल घेऊन कोऱ्या बाजूला इंग्रजीत लिहिलं: ‘प्रिय अनोळखी मित्रा, ही चूल तुझ्यासाठी शेषराव तायवाडे, सेवानिवृत्त मुख्याध्यापक, दर्यापूर, जिल्हा अमरावती, यांनी प्रेमपूर्वक रचली आहे.’ खाली फोन नंबर. त्याखाली ठळक मराठीत: ‘माणूस जोडा.’

कागद त्यांनी चुलीवर ठेवला. उडू नये म्हणून वर एक दगडही ठेवला.

तौनोनं दगड उचलला. कागद घेतला. ओठ हलवत सावकाश सगळा वाचला. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून त्यानं प्रश्नार्थक पाहिलं. शेषरावांनी अर्थ सांगितला.

तौनोनं मान डोलावली. मग कागदाचा नीट चोळामोळा केला आणि चुलीत हात घालून सालीच्याही खाली सारला.

“अहो, पण… तो वाचणार कसा?”

तौनोनं चुलीचं दार लावलं.

“चांगलं लिहिलंय,” तो म्हणाला. “सगळ्यात आधी हेच पेटेल.”