राणीच्या हातचं पाणी

डोंगरांच्या कुशीत एक राज्य होतं आणि त्या राज्यात कुणीही राणीच्या हातचं काही खात-पीत नव्हतं. कारण विंझराजा वारला तो राणी लखुमाईनं दिलेला विडा तोंडात असताना. सज्जात उभा होता, लालचुटुक ओठांनी हसत होता आणि धाडकन कोसळला. साऱ्या गावानं पाहिलं. मग काय, कुणी म्हणे विड्यात विष होतं, कुणी म्हणे राणी नागीणच आहे. आज गावकरी तिला वेशीबाहेर घालवणार होते.

चिमुकल्या उमाईलाही हे सगळं खरंच वाटायचं. तिची आई आंधळी. उमाई राणीच्या बागेतून फुलं वेचून आणायची, आई चाचपडत गजरे करायची आणि दोघी कसंबसं पोट भरायच्या. बागेत राणी दिसली की पोर झाडाआड लपायची.

त्या सकाळी दवानं भिजलेल्या जाईच्या वेलीवर एक इवलीशी परी दिसली. मोरपिशी पंख, सोनसळी झगा, पायांत चांदीचे वाळे. तिचा एक पंख कोळ्याच्या जाळ्यात अडकला होता. उमाईनं तो हलक्या बोटांनी सोडवला खरा, पण ही राणीचीच कुणी नसेल ना, म्हणून दोनदा मागं वळून पाहिलं.

"एक इच्छा माग," परी म्हणाली. "पण जिच्यावर तुझा संशय आहे, तिच्या हातचं पाणी पिऊन मागायची."

म्हणजे राणीच्या हातचं पाणी! पण आईचे डोळे! ती परीला खांद्यावर बसवून निघाली.

बागेच्या दाराशी राणी घागर घेऊन एकटीच उभी होती. बाहेर हातांत दगड घेतलेले गावकरी होते आणि शेजारणीचा हात धरून आलेली उमाईची आईही होती. उमाईनं ओंजळ पुढं केली, तशी राणी मागं सरली. तुला साधी शिंक आली तरी विषच म्हणतील, पिऊ नकोस, असं ती म्हणाली.

"विड्यात काय होतं, राणीआई?" उमाईनं धीर करून विचारलं.

"कात आणि चुना, बाळ. राजे महिनाभर तापानं पोळत होते. ओठ पांढरेफटक पडले होते आणि सीमेवर शत्रू टपलेला. ओठ लाल दिसावेत म्हणून सज्जात जाण्याआधी मी रोज विडा द्यायची. शत्रू परत फिरेपर्यंत कुणाला सांगू नकोस, असं त्यांनी वचन घेतलं होतं. तो फिरला, तेव्हा माझं ऐकायला कुणी उरलं नव्हतं."

वाईट मनाची बाई पाणी नको कशाला म्हणेल, असं उमाईला वाटलं. तिनं पुन्हा ओंजळ धरली आणि घटाघटा पाणी प्यायली. पाणी गार होतं, गोड होतं. तिला काहीसुद्धा झालं नाही.

आता आईचे डोळे मागायचे होते. शब्द ओठांवर आले. पण लोकांच्या हातांतले दगड अजून तसेच होते. उमाईला रडू फुटलं.

"राजे गेले त्या दिवशी खरं काय झालं, ते सगळ्यांना दिसू दे," ती म्हणाली.

परी लखलखली. केशरी, गुलाबी, चंदेरी उजेड पसरला आणि त्यात राजाचे पांढरे ओठ दिसले, डोळे पुसत विडा लावणारी राणी दिसली. दगड आपोआप खाली पडले. लोक माना खाली घालून ओंजळ पुढं करू लागले. परी त्या उजेडातच विरघळून गेली.

"बिचारे राजे, किती वाळले होते गं," गर्दीतून आईचा आवाज आला. मग ती वळली आणि लेकीकडे बघतच राहिली. "उमे, तू एवढी मोठी कधी झालीस?"