धामणखेडीच्या आंधळ्या भिंती

हं, विचारलंत ना! धामणखेडीला येणारा प्रत्येक पाहुणा हेच विचारतो, की अख्खं गाव रस्त्याकडे पाठ करून का बसलंय. बघा की, एकेक घर नीट बघा. लांब भिंती उत्तरेला नि दक्षिणेला, दारं उत्तरेला, आणि पश्चिमेला नुसती आखूड, जाड, आंधळी भिंत. जाळी नाही, झरोका नाही. लगेच गावाला माणूसघाणं म्हणून मोकळे होऊ नका. बसा, पाणी प्या, मग सांगतो.

फार पूर्वी इथे कोंडबा नावाचा गवंडी राहायचा म्हणे. बायको लवकर गेलेली. गिरजा ही एकुलती एक लेक म्हणजे त्याचा जीव की प्राण. तिचा नवरा कापसाच्या बैलगाड्या घेऊन दूरदूर जायचा. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून कोंडबाने तिच्यासाठी नवं घर बांधायला घेतलं. ती म्हणाली, "बा, मला रस्ता दिसेल अशी खिडकी ठेव. हे येताना लांबून दिसले पाहिजेत." रस्ता पश्चिमेला. लेकीने मागितलं आणि बापाने दिलं नाही, असं कधी झालं होतं का! त्याने घराची लांब बाजूच रस्त्याकडे केली आणि तिच्या खोलीला ऐसपैस खिडकी ठेवली.

चुकलं ते इथेच. आखणी केली पौषात. दुपारी त्या जागेवर बसून तो कोवळं ऊन अंगावर घ्यायचा आणि म्हणायचा, "माझ्या गिरजाला इथे किती बरं वाटेल!" एवढा जाणता गवंडी, पण आनंदाच्या भरात त्याला वैशाख आठवलाच नाही. डोक्यावरचं ऊन वळचण अडवते हो. कलतं ऊन वळचणीखालून सरळ घरात शिरतं, त्याला कोण अडवणार?

ऐन वैशाखात गिरजा बाळंत झाली. मुलगा झाला. दुपार कलली की ऊन खिडकीतून थेट बाळंतिणीच्या बाजेवर यायचं. कोंडबाने खिडकीला तट्टे बांधले, पाणी मारलं, पण ती लांबच लांब दगडी भिंत दुपारभर तापायची आणि रात्रभर आग ओकायची. लेकरू तळमळायचं. सुईण म्हणाली, "कोंडबा, पोरीला निंबाखाली हलव रे." पण ओल्या बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नाही, तिला वारा लागू द्यायचा नाही, ही तेव्हाची रीत. बारसं झालं की हलवू, असं म्हणत कोंडबा थांबला. बारसं काही झालं नाही. त्याआधीच लेकरू बिननावाचं गेलं.

गिरजा रडली नाही असं सांगतात. तिचा एकच धोशा होता, "खिडकी मीच मागितली ना. मीच मागितली." कोंडबाने तिला पोटाशी धरलं. "नाही गं माय, तू कुठे मागितलीस? मीच ठेवली. माझीच अक्कल चरायला गेली होती." गाव गोळा झालं तेव्हा सगळ्यांदेखत त्याने हेच सांगितलं, तिच्या सासरी जाऊनही हेच सांगितलं. लोक त्याला नाही नाही ते बोलले. त्याने मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. गिरजाने त्याचं म्हणणं खरं मानलं की नाही, देव जाणे. अन्न तुटलं, अंथरूण धरलं, आणि पुढचा उन्हाळा काही तिने पाहिला नाही.

कोंडबाने ते घर स्वतःच्या हातांनी पाडलं. पुढे कुणीही घर बांधायला काढलं, की तो न बोलावता भर उन्हात तिथे येऊन उभा राहायचा आणि केविलवाणं विचारायचा, "पश्चिमेची खिडकी कुणी मागितली होती रे?" गिरजाने ती मागितल्याचं शेजारपाजारच्यांनी आपल्या कानांनी ऐकलं होतं. पण तोंडावर कुणी ते म्हटलं नाही.

आजही इथे थंडीत घर आखत नाहीत. वैशाखात, दुपार कलताना, आखणीची दोरी धरून गवंडी पश्चिमेकडे तोंड करतो आणि तोच प्रश्न विचारतो. आणि जमलेली सगळी माणसं, लेकीबाळींसकट, एका आवाजात सांगतात, "कुणीच नाही मागितली, कोंडबा."