हातमोजेवाल्यांच्या गल्लीतले 'येते'

वाल्मेर शहरात तळ्याच्या धक्क्यापासून वर चर्चकडे चढत जाणारी एक अरुंद दगडी गल्ली आहे. तिला हातमोजेवाल्यांची गल्ली म्हणतात. हातमोजे शिवणारे घर आता तिथे एकच उरले आहे. बाकीची दुकाने घड्याळांची, चॉकलेटची, लेसच्या रुमालांची. प्रत्येक खिडकीत लाल फुलांच्या कुंड्या आणि दारावर घासून लख्ख केलेली पितळी पाटी. परदेशातून आलेली माणसे सकाळी बोटीतून तळे बघतात, मग संग्रहालयातली चित्रे बघतात, आणि पाय दुखायला लागले की खरेदीच्या निमित्ताने या गल्लीत टेकतात. इथे त्यांना एक नवल ऐकू येते. गिऱ्हाईक दाराबाहेर पडू लागले, की दुकानातले माणूस मान लववून म्हणते, "एत्ते."

त्या शहराच्या भाषेत असा शब्द नाही. शब्दकोशात शोधला तर तिथेही नाही.

एकदा आपल्याकडच्या बायकांचा एक गट सहलीला तिथे गेला होता. सांगलीच्या उर्मिलाकाकू लेसचा रुमाल घेऊन निघाल्या, तो शब्द कानावर पडला आणि त्या दारातच थबकल्या. "अगं बाई, ही 'येते' म्हणतेय!" त्या म्हणाल्या, आणि मग हसायलाच लागल्या. "पण चुकलं की हिचं. येते म्हणायचं जाणाऱ्यानं. ही तर दुकानातच बसणार, ही कुठं येणार?"

शहर दाखवायला बरोबर आलेली मादाम इव्हेत तिथलीच, त्याच गल्लीत जन्मलेली म्हातारी. सगळ्या का हसताहेत ते तिने सहलीच्या मॅनेजरकडून समजून घेतले, आणि ती म्हणाली, "चूक नाही ती. बसा या पायऱ्यांवर. आमच्या संग्रहालयात सगळं आहे, फक्त हे एक नाही. शब्द काचेच्या कपाटात कसा ठेवायचा? म्हणून आम्ही तो तोंडात ठेवला." मग तिने जे सांगितले आणि मॅनेजरने मराठीत करून दिले, ते असे.

फार वर्षांपूर्वी, बोटी वाफेवर चालत तेव्हाची गोष्ट. या गल्लीत क्लेमांस नावाची एक विधवा हातमोजे शिवून विकत असे. तिचा एकुलता एक मुलगा ल्युक. एका सकाळी तो होडी घेऊन तळ्यात निघाला आणि जाताना गंमत म्हणून ओरडला, "अद्यू, आई!" अद्यू म्हणजे आता तुला देवाच्या हवाली केले, आता भेट नाही. थट्टाच ती. पण दुपारी डोंगरावरून वारा सुटला, होडी उलटली आणि थट्टा खरी झाली. त्या दिवसापासून क्लेमांसच्या दुकानात निरोपाचा कुठलाच शब्द कोणी उच्चारायचा नाही असे ठरून गेले. गिऱ्हाईक यायचे, हातमोजे घ्यायचे आणि मुकाट्याने मान लववून निघून जायचे.

अशा त्या मुक्या दुकानात एके दिवशी सगुणा शिरली.

सगुणा पुण्याच्या लष्करात एका गोऱ्या साहेबाच्या घरी आया होती. नवरा त्याच बंगल्यावर माळी. साहेबाची मडम मुलांना घेऊन विलायतेला निघाली, तेव्हा आया म्हणून तिला बरोबर यावे लागले. वाटेत हवापालटासाठी मंडळी वाल्मेरला उतरली. सगुणाने सोमवार सोडला नव्हता की संकष्टी चुकवली नव्हती. हॉटेलच्या खिडकीत तिने सुपारीचा गणपती मांडला होता आणि ती त्याला रोज तिथल्या कुंडीतले लाल फूल वाही. जास्वंद नाही तर हे घे बाबा, असे म्हणून.

मडम हातमोजे बघत होती तोवर सगुणा मुलांना धरून कोपऱ्यात उभी होती. निघताना मडम मुकाट्याने बाहेर पडली. पण कोणाच्या घरातून असे न बोलता जायचे, हे सगुणाला जमेना. दुकान झाले तरी उंबरा तो उंबराच. ती वळून म्हणाली, "येते हं, मावशी."

क्लेमांस दचकली. ती धावत बाहेर आली आणि मडमेला विचारू लागली, तुमची बाई काय म्हणाली? मडमेला आपली भाषा येई ती पाणी आण, दूध आण, इकडे ये, तिकडे जा, एवढीच. तिने सरळ अर्थ सांगितला, "ती म्हणते, मी येते आहे."

दुसऱ्या दिवशी क्लेमांसने कॉफी केली, दोन कप मांडले आणि दुकान बंद होईपर्यंत दाराकडे बघत बसली. कोणी आले नाही. तिसऱ्या दिवशी मडम एकटीच रिबीन घ्यायला गेली, तेव्हा म्हातारीने तिला फैलावर घेतले. "तुमच्या देशातल्या बायका खोटं बोलतात का हो?"

मडम हॉटेलवर येऊन सगुणावर उखडली. "सगुना, तुम झूट बोला!"

"मी? आणि कोणाला?" सगुणाला काही कळेना. हळूहळू उलगडा झाला तेव्हा तिला हसू फुटले. "अगं बाई, ती खरंच वाट बघत बसली!" पण बोलता बोलताच तिचे हसू मावळले. आपण येते म्हटले आणि आपल्यासाठी कोणी कप मांडून बसले, असे तिच्या जन्मात घडले नव्हते. तिने मुलांची बोटे धरली आणि ती तडक गल्ली चढून गेली.

मग रोजचाच परिपाठ झाला. ती दुपारी यायची, काढ्यासारखी कडू कॉफी डोळे मिटून प्यायची, आणि निघताना 'येते' म्हणायची. दुसऱ्या दिवशी यायचीच. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण म्हणे त्या तासभर बोलत बसत. ल्युकची गोष्ट तिला खुणांनीच कळली. क्लेमांसने तळ्याकडे बोट केले, हाताची होडी केली आणि ती पालथी घातली. सगुणाने तिचा हात तसाच आपल्या हातात धरून ठेवला.

एकदा क्लेमांसने तिच्या हाताचे माप घेतले. पण हिरव्या काचेच्या बांगड्या आड येऊ लागल्या. म्हातारीने खूण केली, काढ. सगुणाने मान हलवली, "नाही हो मावशी, नवरा आहे माझा." म्हातारीला काय समजले देव जाणे, पण तिने कातडे पुन्हा बेतले आणि मनगटाशी इतके सैल ठेवले की बांगड्यांवरून हातमोजा सहज चढावा. वाल्मेरात असा हातमोजा आधी कोणी शिवला नव्हता.

तो शिवून व्हायच्या आतच तार आली. साहेब आजारी, ताबडतोब परत निघा. सामान धक्क्यावर गेले, बोट लागली. सगुणा कशीबशी धावत गल्ली चढली आणि दारातूनच तोंडभरून म्हणाली, "येते, मावशी!" क्लेमांसने मान डोलावली आणि पुन्हा खाली बघून हातमोजा शिवू लागली. आता घाई नव्हती, बाई यायचीच होती.

धक्क्याच्या अर्ध्या वाटेवर सगुणाच्या ध्यानात आले आपण काय बोलून बसलो ते. ती माघारी वळली. तेवढ्यात बोटीचा भोंगा झाला.

पुण्याला आल्यावर तिला चैन पडेना. साहेब बरे झाले, बागेत नवऱ्याचे गुलाब फुलले, पण हिचे मन दगडी गल्लीत अडकलेले. शेवटी तिने देवीपुढे बसून नेम धरला, की तो उंबरा पुन्हा ओलांडेपर्यंत गूळ तोंडात घालणार नाही. नवरा म्हणाला, "गूळ सोड, पण बोलणं गोड ठेव म्हणजे झालं." नणंद गोदावरी मात्र तोंडाची फटकळ. ती म्हणाली, "वहिनी, वेड लागलं काय तुला? येते येते तर आपण सगळ्यांना म्हणतो. मी त्या पाटलाच्या खडूस सासूलासुद्धा येते म्हणते. म्हणून काय जाते तिच्याकडे?"

सगुणा म्हणाली, "वन्सं, आपल्यात ते सगळ्यांना ठाऊक आहे. तिला ठाऊक नाही. ती कप मांडून बसली असेल."

मध्ये किती वर्षे गेली यावर वाल्मेरात एकमत नाही. कोणी चार म्हणते, कोणी आठ. एवढे खरे, की दुसरी एक मडम मुले घेऊन मायदेशी निघाली आणि आया शोधू लागली, तेव्हा सगुणा आपणहून तिच्यापुढे उभी राहिली. तिची अट एकच, वाटेत वाल्मेरला उतरायचे. मडमेला वाटले बाईला तळ्याची हौस आहे. ती हसली आणि हो म्हणाली.

इकडे क्लेमांसचे डोळे गेले होते. शिवणकाम सुटले होते. भाची दुकान बघत होती, आणि सगळी गल्ली म्हातारीला सांगून थकली होती, की आता दार बंद कर, ती बाई सातासमुद्रापलीकडे गेली. म्हातारीचे उत्तर ठरलेले. "ती येते म्हणाली आहे. ती आली आणि दार बंद असलं तर?"

आणि एका दुपारी उंबऱ्यावर बांगड्या वाजल्या. "आले हो, मावशी."

हा शब्द क्लेमांसला नवा होता. सगुणाने खाली बसून म्हातारीचा हात धरला, आपल्या पावलांना लावला, मग जमिनीला लावला आणि पुन्हा म्हणाली, "आले." तेव्हा म्हणे ती आंधळी म्हातारी खुर्चीतून उठून लहान मुलीसारखी टाळ्या वाजवू लागली. हातमोजे तयार होते. ते बांगड्यांवरून अलगद चढले. सगुणाने पदराची गाठ सोडली. घरून आणलेला गुळाचा खडा होता, तो फोडून अर्धा तिला दिला आणि अर्धा आपल्या तोंडात घातला.

पण मडमेची बोट दुसऱ्या दिवशीची होती. निघायची वेळ झाली आणि सगुणा उंबऱ्यावर येऊन उभी राहिली, ती उभीच. आता तिचे वय झाले होते. नवऱ्याला दम्याने धरले होते. पुन्हा एवढे समुद्र आपल्याच्याने ओलांडणे नाही, हे ती जाणून होती. 'येते' म्हणावे तर ते खोटे, आणि इथे खोटे चालत नाही. 'जाते' म्हणावे तर जीभ वळत नाही. म्हातारी मान कलती करून त्या एका शब्दाची वाट बघत होती. खालून बोटीचा भोंगा झाला. सगुणाच्या डोळ्यांतून पाणी गळू लागले, पण तोंडातून अक्षर निघेना.

आंधळ्या क्लेमांसला ते न बोलणे समजले. ती चाचपडत दारापर्यंत आली, सगुणाचा हातमोज्यातला हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "एत्ते."

सगुणाला वाटले, म्हातारी चुकली. "नाही मावशी, ते मी म्हणायचं असतं."

क्लेमांसने मान हलवली. आपल्या छातीवर हात ठेवला. "मी," ती तिच्या भाषेत म्हणाली, आणि मग सगुणाच्या भाषेत, "एत्ते."

तू दोनदा समुद्र ओलांडून आलीस. आता माझी पाळी. तळ्याचा पलीकडचा काठसुद्धा न पाहिलेली ती बाई हे बोलत होती. सगुणाने डोळे पुसले आणि आपल्या घरच्या ओट्यावरून सांगावे तसे सांगितले, "या मावशी, या हो. मी वाट बघते."

त्याच हिवाळ्यात क्लेमांस गेली. आणि असे सांगतात, की पुढच्या चैत्रात पुण्याला सगुणाच्या सुनेला मुलगी झाली. कोणी पाळण्यात हात घातला, की ती पोर त्याचे एकेक बोट धरून टोकापर्यंत चाचपून बघे, जणू मापच घेते आहे. फटकळ गोदावरी बघत राहिली आणि पहिल्यांदा तिला टोमणा सुचेना. विलायतेला निघालेल्या एका आयेला तिनेच गाठले आणि बजावले, "वाटेत वाल्मेर लागलं तर त्या गल्लीत एवढंच सांग, आली."

तो शब्द गल्लीत पोचला तेव्हा भाचीने तो दारोदार जाऊन सांगितला. कोणाला अर्थ कळला, कोणाला नाही. पण त्या दिवसापासून तिथल्या दुकानदारांनी ठरवले, की जाणाऱ्यावर परत यायचे ओझे कशाला? राहणाऱ्याने म्हणावे.

"आमच्या पाद्रीबाबांना ही गोष्ट पसंत नाही," मादाम इव्हेत उठता उठता म्हणाली. "माणूस पुन्हा जन्माला येत नाही म्हणतात ते. पण हिवाळ्यात हातमोजे घ्यायला आले, की दारात जरा रेंगाळतात. एत्ते ऐकल्याशिवाय हलत नाहीत."

आजही हातमोजेवाल्यांच्या गल्लीत गिऱ्हाईक निघाले की दुकानातले माणूस 'एत्ते' म्हणते. बहुतेक पाहुणे नुसते हसतात आणि पिशव्या सावरत उतरून जातात, कारण यावर काय म्हणायचे असते ते त्यांना ठाऊक नाही. त्या दिवशी उर्मिलाकाकू मात्र पायऱ्यांवरून उठल्या आणि पुन्हा लेसच्या दुकानात शिरल्या. दुकानातली तरुण पोरगी गोंधळली, काही राहिले की काय. काकूंनी तिच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "ये हो बाळ. सांगलीला ये. वाट बघते."

जसे क्लेमांसचे वाट बघणे फळाला आले, तसे उंबऱ्याकडे डोळे लावून बसलेल्या सगळ्यांचे येवो.