नव्वद दिवसांचा लेप

एका राज्यात सोळावं वर्ष लागलं की मुलामुलींच्या चेहऱ्यावर निखाऱ्यांसारखे मुरूम फुलत. काळकेश मांत्रिकाचा तो शाप होता. त्यावर उतारा होता निळ्या मुळीचा लेप, सलग नव्वद दिवस. जो मध्येच थांबे त्याचा चेहरा पुसला जाई. नाक, डोळे, ओठ यांच्या जागी नुसतं धुकं राही, आणि सहा महिन्यांनी सगळा माणूसच धुक्यात विरून जाई.

राज्यातली निम्मी मुलं अशी बिनचेहऱ्याची झाली होती. राजवैद्य दरबारात ठासून सांगत, "महाराज, उतारा अचूक आहे. पोरंच नादान." दरबार माना डोलवी. का सोडलंत, असं त्या पोरांना विचारावं, हे एकाही शहाण्याला सुचलं नाही.

थोरली राजकन्या कनकलेखा हिने विसाव्या दिवशी लेप सोडला. तिचे आता तीनच दिवस उरले होते. धाकटी वसुमती धावत दगडी वडावर राहणाऱ्या जाणत्या साळुंकीकडे गेली.

साळुंकी म्हणाली, "लेप सोडलेल्या तिघांना कारण विचार. खरं उत्तर शेवटपर्यंत ऐक. मध्ये बोलायचं नाही. शाप तुटेल."

"एवढंच?"

"आजवर कुणाला जमलेलं नाही, राजकन्ये."

ताईचं कारण वसुमतीला ठाऊकच होतं. ताई हट्टी होती. म्हणून ती आधी दूरच्या मळ्यात गेली.

तिथली चंपू माळीण धुक्यातून फणकारली, "तीन मुरूम होते, लेपाने तेरा झाले! आधी वाढतात आणि मग ओसरतात, हे वैद्यबुवांनी सांगायला नको? मला वाटलं, विषच दिलं."

दुसऱ्या दिवशी सीमेवर घोडेस्वार जयपाळ भेटला. "चाळिसाव्या दिवशी गाल लोण्यासारखे झाले. बरं झाल्यावर कोण चेहरा माखून घेतो, बाईसाहेब? घोडासुद्धा बुजायचा माझा."

तिसऱ्या दिवशी वसुमतीने गावोगाव दारं ठोठावली. कुणी लाजलं, कुणी खोटं बोललं. शेवटी तिसरं उत्तर मागायला ती घरीच परतली. पलंगावर पातळ धुकं होतं.

"ताई, लेप का सोडलास?"

"आज विचारतेस होय?" धुकं हसल्यासारखं हललं. "रोज सकाळी तू आरसा घेऊन यायचीस. 'लावलास ना? मग असं कसं?' म्हणायचीस. लेप फार झोंबायचा, वसू. उशीला गाल टेकवत नव्हता. तेही सोसलं असतं. पण तुझी पावलं वाजली की मी पांघरूण डोक्यावरून ओढून घ्यायचे. लेप सोडला की आरसा येणार नाही, एवढंच मला कळत होतं."

'तुझ्या भल्यासाठीच ना गं,' हे शब्द वसुमतीच्या ओठांवर आले. तिने ओठ दातांत धरला. रक्त आलं, पण ती बोलली नाही.

उत्तर संपलं, ताईची मुदत संपली, आणि आवाजही संपला.

त्याच क्षणी शाप तुटला. मळ्यात चंपूला तिचे डोळे परत मिळाले, सीमेवर जयपाळने आपलं नाक चाचपून आरोळी ठोकली. नगारे वाजले. पलंगावर मात्र उशीतला खळगा तेवढा उरला. जे पहिल्याच दिवशी ऐकायचं, ते ऐकायला वसुमती दोन दिवस उशिरा आली होती.

पुढे राजाज्ञा निघाली की वैद्याने आधी ऐकावं, मग मुळी उगाळावी. मुरूम आता साध्या माणसांना येतात तसे येत. लेप मात्र तितकाच झोंबे, आणि दिवसही नव्वदच लागत.

वसुमती स्वतःच लेप द्यायला बसू लागली. पहिल्या दिवशी कासाराची शेवंता गाल झाकून आली. वसुमती तिच्यासमोर जमिनीवर बसली.

"आज झोंबेल. तिसऱ्या आठवड्यात चेहरा आणखी बिघडेल, आणि तुला माझा राग येईल. तरी ये."

"आणि नाही आले तर? शिपाई धाडाल?"

"मीच येईन."

"ओरडायला?"

वसुमतीने मुलीच्या गालावरची बट हळूच मागे सारली.

"नाही गं," ती म्हणाली. "तुझ्याजवळ बसायला."